राजघराण्यातलं ‘भानगडीचं’ लग्न कागदांतून कसं वाचावं? केंटच्या जोनच्या निमित्तानं नवख्यांसाठी

चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधली एक मुलगी. साधारण बाराव्या वर्षी एका सरदाराशी गुपचूप लग्न, ते चालू असतानाच घरच्यांनी उमरावाच्या मुलाशी लावून दिलेलं दुसरं, मग पोपच्या दरबारात खटला, आणि तिशी उलटल्यावर थेट युवराजाशी तिसरं. ही केंटची जोन. दुसऱ्या रिचर्ड राजाची आई.

मी तिच्या मागे लागले तेव्हा मला वाटलं होतं की गोष्ट सरळ आहे: देखणी बाई, तीन नवरे, दरबारी कुजबुज. पहिले सहा महिने मी तेच वाचत राहिले आणि तेच वहीत उतरवत राहिले. त्यातलं निम्म्याहून जास्त पुढे खोडावं लागलं. तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. जोनऐवजी तुम्ही दुसरी कोणतीही राजस्त्री घेतलीत तरी वाट हीच राहील. मी उदाहरणं जोनची देते, कारण तिचे कागद मी ओळीओळीनं वाचले आहेत.

आधी एवढं मनात पक्कं करा: ‘भानगड’ हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा नाही. पहिल्या पानावर प्रश्न लिहायचा, की कायद्यानं नेमकं काय अडलं होतं आणि कुणाचं काय जाणार होतं. हा प्रश्न हातात असला की बाकीचा कचरा आपोआप बाजूला पडतो.

सोबत काय हवं

- एक जाड वही किंवा स्प्रेडशीट. प्रत्येक नोंदीपुढे ‘कुणी लिहिलं’ आणि ‘कधी लिहिलं’ असे दोन रकाने. हे दोन नसतील तर नोंद करूच नका.
- इंग्लंडच्या राजांच्या राजवर्षांचा तक्ता आणि ख्रिस्ती सणांची यादी.
- चार पिढ्यांची वंशावळ, स्वतः काढलेली. छापील चालणार नाही. हातानं काढताना चुका दिसतात.
- लॅटिनचे वीस-पंचवीस शब्द. उक्सोर म्हणजे बायको, रेलिक्ता म्हणजे मागे राहिलेली, विधवा. फिलिया मुलगी, हेरेस वारस, दोस म्हणजे विधवेचा जमिनीतला वाटा. आणि दिव्होर्तियुम, ज्याबद्दल पुढे बोलू.
- इंटरनेट. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन आणि इंटरनेट आर्काइव्ह या दोन ठिकाणी राजाच्या आणि पोपच्या दफ्तरांचे छापील सारांश मोठ्या प्रमाणात वाचायला मिळतात. पुण्यात, नाशकात बसून हे काम होतं. लंडनला जावं लागत नाही.

बाईपुरते म्हणून जे कागद शोधायचे ते असे: वडिलांच्या किंवा भावाच्या मृत्यूनंतरची वारस-चौकशी, पालकत्वाचे हुकूम, पोपकडचे अर्ज आणि निकाल, विधवा झाल्यावर मिळालेल्या जमिनीची वाटणी, आणि मृत्युपत्र. शेवटचं असेल तर तुमचं नशीब.

1. बाई निवडताना तिची कीर्ती नाही, तिचे कागद बघा

नवखा माणूस सहसा अक्विटेनच्या एलिनॉरपासून सुरुवात करतो. 21 मार्च 1152 रोजी फ्रान्सच्या सातव्या लुईशी तिचं लग्न रद्द झालं आणि 18 मेला, म्हणजे आठ आठवड्यांत, तिनं पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केलं. गोष्ट जबरदस्त आहे, पण तिच्याभोवती आठशे वर्षांच्या दंतकथांचं रान माजलं आहे. पहिल्याच खेपेला त्यात शिरू नका.

त्यापेक्षा चौदावं-पंधरावं शतक बरं. कॅथरिन स्विनफर्ड घ्या: राजपुत्र जॉन ऑफ गाँटची अनेक वर्षांची सखी, 1396 मध्ये त्याची रीतसर बायको, आणि 1397 मध्ये त्यांची मुलं पार्लमेंटनं औरस ठरवली. किंवा लक्झेंबर्गची जॅकेटा. राजाच्या काकाची विधवा असून तिनं परवानगीवाचून साध्या सरदाराशी, रिचर्ड वुडव्हिलशी, लग्न केलं आणि 1437 मध्ये 1000 पौंडांचा दंड भरला. तिची मुलगी एलिझाबेथ वुडव्हिल. तिनं 1464 मध्ये चौथ्या एडवर्ड राजाशीच गुपचूप लग्न केलं. माय-लेकींची जोडी एकत्र अभ्यासावी इतकी छान आहे.

पोर्तुगीज येत असेल, आणि गोव्यात अशी घरं अजून आहेत, तर पोर्तुगालच्या युवराज पेद्रूची सखी इनेस द कास्त्रो जरूर घ्या. 7 जानेवारी 1355 रोजी तिला ठार मारलं. पुढे राजा झाल्यावर पेद्रूनं 1360 मध्ये जाहीर केलं की आमचं लग्न झालेलं होतं. तिचं प्रेत सिंहासनावर बसवून दरबाऱ्यांना त्या हाताचं चुंबन घ्यायला लावलं ही कथा मात्र खूप नंतरची आहे. आल्कोबासाच्या मठातल्या दोघांच्या कबरी खऱ्या.

2. नावांचा तक्ता करा, नाहीतर दुसऱ्याच बाईचं चरित्र लिहाल

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

जोनच्या काळात राजघराण्यात जोन किती होत्या बघा. तिसऱ्या एडवर्डची बहीण जोन, स्कॉटलंडची राणी. त्याची मुलगी जोन, जी 1348 मध्ये प्लेगनं गेली. आपली जोन. आणि आपल्या जोनची मुलगीही जोन. लॅटिन कागदात सगळ्या ‘योहान्ना’, फ्रेंचमध्ये सगळ्या ‘जान’.

त्यात बाईची ओळख दर लग्नागणिक बदलते. आपल्याकडे सासरी गेल्यावर नाव बदलायचे, जुन्या कागदांत ती ‘अमक्याची कन्या, तमक्याची भार्या’ एवढीच सापडते. तिथेही तेच. जोनची नावं मी अशी मांडली: आधी केंटच्या अर्लची, म्हणजे बड्या उमरावाची, मुलगी, दुसऱ्या लग्नामुळे 1344 पासून सॉल्झबरीची काउंटेस, म्हणजे अर्लची बायको, 1349 च्या निकालानंतर टॉमस हॉलंडची बायको, डिसेंबर 1352 मध्ये भाऊ वारल्यावर स्वतःच्या हक्कानं केंटची काउंटेस, हॉलंड वारल्यावर 1361 पासून प्रिन्सेस ऑफ वेल्स, म्हणजे युवराजाची बायको, 1377 नंतर राजमाता. एखाद्या कागदात ‘सॉल्झबरीची काउंटेस’ दिसली की वर्ष बघायचं. 1344 आधीची असेल तर ती कॅथरिन ग्रँडिसन, म्हणजे जोनची त्या घरातली सासू. ती 1349 पर्यंत होती, त्यामुळे मधल्या पाच वर्षांत जपून. 1349 च्या बऱ्याच नंतरची असेल तर ती एलिझाबेथ मोहन, त्याच नवऱ्याची पुढची बायको.

मी सासूची एक कथा सुनेच्या नावावर टाकली होती आणि तिच्यावर चार पानं लिहिली होती. ती कथा कोणती ते सातव्या पायरीत सांगते.

3. तारीख उलगडल्याशिवाय पुढे जाऊ नका

शिवजयंती तिथीनं की तारखेनं हा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे शिकवायला नको. शक, संवत्सर, तिथी जुळवायची सवय इथे उपयोगी पडते.

इंग्लंडच्या जुन्या कागदांत इसवी सन फारसा नसतो. ‘एडवर्ड तिसऱ्याच्या 35 व्या वर्षी’ असं लिहिलेलं असतं. आपल्या राज्याभिषेक शकासारखंच. त्याचं राजवर्ष 25 जानेवारी 1327 पासून मोजतात, म्हणून 35 वं वर्ष 25 जानेवारी 1361 ला सुरू झालं. जोन आणि युवराजाचं जाहीर लग्न 10 ऑक्टोबर 1361 चं, ते यात बसतं. पोपचे कागद मात्र पोपच्या वर्षानं चालतात. दोन तक्ते वेगळे ठेवा.

दुसरा सापळा: तिथे नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. जोनच्या वडिलांचा, केंटच्या एडमंडचा, 19 मार्च 1330 रोजी विंचेस्टरला शिरच्छेद झाला. त्या काळच्या हिशेबानं ते साल 1329. त्यामुळे एखाद्या पुस्तकात 1329 आणि दुसऱ्यात 1330 दिसलं तर कुणी चुकलं असं लगेच धरू नका. जानेवारी ते 24 मार्च या पट्ट्यातली प्रत्येक तारीख दोनदा तपासा.

दिवस मात्र बदलू नका. ज्युलियन आणि आजच्या पंचांगात त्या शतकात आठ दिवसांचा फरक होता, पण अभ्यासक ज्युलियन तारीखच ठेवतात.

वयाबद्दल एक. वारस-चौकशीत पंच ‘इतक्या वर्षांचा आणि अधिक’ असं सांगत. सज्ञान आहे की नाही एवढाच त्यांना प्रश्न होता. त्या आकड्यावरून जन्मसाल काढू नका. जोनचं जन्मसाल 1326 ते 1328 असं मोकळं ठेवलंत तरी काही बिघडत नाही.

4. लग्न म्हणजे तेव्हा काय होतं ते नीट समजून घ्या

इथे घाई करू नका. ही पायरी कच्ची राहिली तर पुढचं सगळं कादंबरीसारखं वाचलं जातं.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, मुख्यतः तिसऱ्या अलेक्झांडर पोपच्या निर्णयांमुळे, पश्चिम युरोपच्या चर्चनं एक तत्त्व धरलं: लग्न होतं ते दोघांच्या संमतीनं. पाद्री नको, साक्षीदार नकोत, आईबापांची परवानगी नको. दोघांनी वर्तमानकाळात शब्द उच्चारले, ‘मी तुला नवरा म्हणून स्वीकारते’, की लग्न लागलं. भविष्यकाळात उच्चारले, ‘स्वीकारीन’, तर तो वाङ्निश्चय. पण त्यानंतर शरीरसंबंध आला तर त्याचंही लग्न झालं. मुलीचं वय 12 आणि मुलाचं 14 पूर्ण असलं की पुरे.

1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं चोरून लग्न करायला बंदी घातली आणि चर्चमध्ये आधी जाहीर घोषणा करायचा नियम केला. पण नीट बघा: चोरून केलेलं लग्न हा गुन्हा झाला, ते लग्न मात्र खरंच राहिलं. प्रायश्चित्त घ्या, दंड भरा, पण नवरा-बायको तुम्हीच. पाद्री आणि साक्षीदारांवाचून लग्नच नाही, हा नियम कॅथलिक चर्चनं 1563 मध्ये केला.

आपल्याला लगेच गांधर्व विवाह आठवतो. समजायला ती उपमा ठीक आहे, पण तिच्यावर फार टेकू नका. गांधर्व हा आठ प्रकारांतला एक होता. तिथे संमती हाच सगळ्या लग्नांचा पाया होता. राजवाड्यातलं लग्नसुद्धा त्याच दोन वाक्यांवर उभं असे.

आता जोनकडे या. 1340 मध्ये, साधारण बारा वर्षांची असताना, तिनं टॉमस हॉलंडशी असे शब्द उच्चारले. हॉलंड पंचविशीच्या आसपासचा. तो लढाईवर निघून गेला. त्याच हिवाळ्यात घरच्यांनी तिचं लग्न विल्यम मॉन्टेग्यूशी लावलं. तो सॉल्झबरीच्या अर्लचा मुलगा, तिच्याच वयाचा. 1347 च्या सुमाराला हॉलंडनं आव्हिन्याँला, जिथे तेव्हा पोपचा दरबार होता, सहाव्या क्लेमेंट पोपकडे अर्ज केला: ही माझी बायको आहे, ती मला परत द्या. 13 नोव्हेंबर 1349 रोजी निकाल लागला. पहिलं लग्न खरं, दुसरं कधी झालंच नव्हतं.

या ठिकाणी बहुतेक लेखक हात चोळून प्रेमकथा सांगू लागतात. बारा वर्षांची मुलगी आणि दुप्पट वयाचा योद्धा; तिथे ‘संमती’ हा शब्द मला जड जातो. तरीही कागद सांगतो की खटल्याच्या वेळी मॉन्टेग्यूनं तिला कोंडून ठेवलं होतं, आणि तिला स्वतःचा वकील नेमता यावा म्हणून पोपला 1348 मध्ये हुकूम काढावा लागला. म्हणजे विशीतल्या जोनला बोलायचं होतं आणि तिला बोलू दिलं जात नव्हतं. एवढं ठामपणे म्हणता येतं. त्यापुढचं तिच्या तोंडी घालू नका.

मराठी वाचकाला आणखी एक धागा इथे सापडेल, आणि तो खरा धागा आहे. ‘बायकोला नांदायला पाठवा’ हा दावा आपल्या न्यायालयांत आला तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांच्या कायद्यातून. 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबईत रखमाबाईंवर दावा लावला तो हाच. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद असा हुकूम झाला तेव्हा त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. हॉलंडचा अर्ज वाचताना मला रखमाबाई आठवत राहिल्या. पाचशे वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर, पण कागदाची जात एकच.

5. नात्याचे अंश स्वतः मोजा

वंशावळ बाहेर काढा. 1215 नंतर चार अंशांच्या आतल्या रक्तनात्यात लग्न मना होतं. आधी ही बंदी सात अंशांपर्यंत होती. मोजायचं कसं? दोघांचा सामाईक पूर्वज शोधा, त्याला शून्य धरा, आणि प्रत्येकापर्यंत किती पायऱ्या उतरतात ते मोजा. जी बाजू लांब, तो अंश.

जोन आणि तिचा तिसरा नवरा, ब्लॅक प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा युवराज एडवर्ड, यांचं मोजू. सामाईक पूर्वज पहिला एडवर्ड. त्याचा मुलगा एडमंड, त्याची मुलगी जोन: दोन पायऱ्या. दुसऱ्या बाजूला दुसरा एडवर्ड, तिसरा एडवर्ड, युवराज: तीन पायऱ्या. म्हणजे तिसरा अंश. बंदीच्या आत.

आपल्या सवयीचा इथे घोटाळा होतो. सपिंड नातं मोजताना आपण स्वतःला पहिली पिढी धरतो, इथे धरायचं नाही. एका पायरीची चूक हमखास होते. शिवाय मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत रीतीचं. तिथल्या मोजणीत ते दुसऱ्या अंशाचं, साफ निषिद्ध. आपल्या नजरेला जे साधं वाटतं ते तिथे अडसर असतं आणि उलटही.

रक्ताखेरीज आणखी अडसर असतात ते विसरू नका. सोयरिकीतून आलेलं नातं, आधी कुणाला दिलेलं वचन, आणि बाप्तिस्म्यातून जोडलेलं धार्मिक नातं. युवराज हा जोनच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता होता, म्हणजे चर्चच्या दृष्टीनं जोनचाही नातलग. तेव्हा दोन अडसर झाले. शिवाय तो तिच्याशी आधीच चोरून शब्द देऊन बसला होता. सहाव्या इनोसंट पोपकडून सवलत आणली, ज्याला डिस्पेन्सेशन म्हणतात, आणि मग 10 ऑक्टोबरला विंडसरला जाहीर लग्न झालं. सवलतीचा कागद सापडला की लग्नाचा कायदेशीर सांगाडा हातात आला असं समजा. त्यात कोणता अडसर लिहिला आहे ते शब्दशः उतरवून घ्या.

6. जमीन आणि पैसा कुणाचा, हे वर्षावर्षानं लिहा

जोनला ‘केंटची वारसदार’ म्हणून हॉलंडनं गटवली असं सहज लिहिलं जातं. वर्षं बघा. 1340 मध्ये तिचा भाऊ जॉन दहा वर्षांचा होता आणि जिवंत होता. 1349 च्या निकालाच्या वेळीही होता. तो गेला डिसेंबर 1352 मध्ये. पुढचं वैभव मागच्या निर्णयाला कारण म्हणून चिकटवायचं नाही, हा धडा मला या एका तारखेनं दिला.

उलट प्रश्न विचारा: हॉलंड सात वर्षं गप्प का बसला? पोपच्या दरबारातला खटला म्हणजे वकील, प्रवास, वर्षानुवर्षांचा खर्च, आणि हॉलंड हा फार पैसेवाल्या घरातला नव्हता. जुलै 1346 मध्ये काँ शहराच्या लढाईत फ्रान्सचा सेनापती, यूचा काउंट, त्याच्या हाती लागला. तो कैदी त्यानं राजाला 80,000 फ्लोरिनांना विकला. त्यानंतर वर्षभरात अर्ज आव्हिन्याँला पोहोचला. कागदावर कुणी ‘म्हणून’ असं लिहिलेलं नाही, पण दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

विधवेचा हिशेब वेगळा. नवऱ्याच्या जमिनीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर तिचा हयातभर हक्क असे. पण राजाकडून थेट जमीन धरणाऱ्याची विधवा परवानगीवाचून पुन्हा लग्न करू शकत नसे. जॅकेटाचा दंड त्यातलाच. म्हणून दंडाची नोंद म्हणजे बाईच्या चारित्र्यावरचा शेरा समजू नका. बऱ्याचदा ती एक पावती असते.

7. बखरकाराला विचारा: तू तेव्हा कुठे होतास?

आता ती माझी चूक. जाँ ल बेल या लिएजच्या लेखकानं लिहिलं आहे की तिसऱ्या एडवर्डनं सॉल्झबरीच्या काउंटेसवर बलात्कार केला. मी ‘सॉल्झबरीची काउंटेस’ म्हणजे जोन असं धरून चालले. पण कथा 1342 च्या आसपासची, तेव्हा काउंटेस होती सासू कॅथरिन. त्याहून पुढची गोष्ट: ल बेल तिचं नावच वेगळं देतो. आणि त्याच्याच ग्रंथावर आपला ग्रंथ उभारणाऱ्या फ्र्वासारनं नंतर लिहिलं की मी इंग्लंडमध्ये विचारपूस केली, असं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. फ्र्वासार 1360 च्या दशकात राणी फिलिपाच्या पदरी होता, म्हणजे तोही राजघराण्याचा मिंधा. दोघांनाही तराजूत घाला. एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं ठरवायची घाई नको.

जोनला ‘फेअर मेड ऑफ केंट’ म्हणतात. तिच्या हयातीत हे नाव वापरात असल्याचा पुरावा नाही. नाचताना काउंटेसचा गार्टर, म्हणजे मोजा बांधायचा पट्टा, गळून पडला आणि राजानं तो उचलला, ही कथाही कागदावर येते ती शंभरहून जास्त वर्षांनी. त्या कथेपेक्षा मला एक खरी गोष्ट विलक्षण वाटते: तिसऱ्या एडवर्डनं त्या नावानं काढलेल्या गार्टर संघाच्या पहिल्या सरदारांच्या यादीत हॉलंड, मॉन्टेग्यू आणि युवराज तिघेही आहेत. खटला चालू असताना, किंवा नुकता संपला असताना, एकाच बाईचे दोन दावेदार एकाच चॅपलमध्ये प्रार्थनेला बसत होते, आणि तिसरा होणारा नवराही तिथेच.

चित्रांवर भरवसा ठेवू नका. कॅंटरबरीच्या भुयारी चॅपलमध्ये छतावर कोरलेला एक चेहरा तिचा मानतात. त्याखेरीज जे ‘पोर्ट्रेट’ म्हणून फिरतं ते पुढच्या शतकांचं असतं.

8. ‘घटस्फोट’ लिहिण्याआधी थांबा

लॅटिन कागदात ‘दिव्होर्तियुम’ दिसलं की हात आपोआप घटस्फोट लिहितो. तो शब्द दोन गोष्टींना वापरत. एक, लग्न मुळातच झालं नव्हतं असा निकाल. दुसरी, लग्न कायम पण एकत्र राहायची सक्ती नाही. आजच्या अर्थाचा घटस्फोट, म्हणजे खरं लग्न मोडून दुसरं करायची मोकळीक, तिथे नव्हता. जोननं मॉन्टेग्यूला ‘सोडलं’ नाही. तो तिचा नवरा कधी नव्हताच असा निकाल होता. मुलांचं औरसपण यावरच ठरतं. एलिनॉर आणि लुईचं लग्न रद्द झालं तरी त्यांच्या मुली औरस राहिल्या, कारण आईबापांनी ते लग्न सद्हेतूनं केलं होतं असं धरलं गेलं.

मॉन्टेग्यू 1397 पर्यंत जगला. जोनचा मुलगा राजा झाला तरी तिचा ‘पहिला’ का ‘दुसरा’ नवरा दरबारात हिंडत होता, हे डोळ्यांसमोर आणा. मग रिचर्डच्या जन्माबद्दलच्या कुजबुजी कुठून आल्या ते कळेल. अशा कुजबुजीची किंमत काय होऊ शकते ते 1484 मध्ये दिसलं. चौथ्या एडवर्डनं आधी दुसऱ्या बाईला वचन दिलं होतं, म्हणून एलिझाबेथ वुडव्हिलशी त्याचं लग्न खोटं आणि मुलं अनौरस, असं पार्लमेंटनं ठरवलं, आणि तिसऱ्या रिचर्डचं राज्य पक्कं झालं. पुढच्याच वर्षी सातव्या हेन्रीनं तो कायदा पुसला आणि जानेवारी 1486 मध्ये त्याच राणीच्या मुलीशी लग्न केलं.

9. सारांश वाचून झाला की मूळ शब्दांकडे जा

तुम्ही ऑनलाइन जे वाचता त्याला ‘कॅलेंडर’ म्हणतात. दिनदर्शिका नव्हे, दफ्तराचा संक्षेप. शंभर वर्षांपूर्वीच्या संपादकांनी लॅटिन-फ्रेंच मजकुराचं इंग्रजी सार केलं आहे. काम मोठं आहे, पण बाईच्या बाबतीत नेमके हवे ते शब्द गळतात: ‘सक्तीनं’, ‘तिच्या इच्छेविरुद्ध’, ‘तिनं सांगितलं की’. महत्त्वाच्या तीन-चार कागदांपुरता तरी मूळ मजकूर मिळवा. जुन्या मोडी कागदाचा गोषवारा आणि मूळ कागद यांत किती अंतर असतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पटेल.

10. मृत्युपत्र शेवटी वाचा

मुद्दाम शेवटी. सुरुवातीला वाचलंत तर ती नुसती सामानाची यादी वाटेल.

जोनचं मृत्युपत्र ऑगस्ट 1385 चं, वॉलिंगफर्डच्या किल्ल्यातलं. त्या उन्हाळ्यात तिच्या हॉलंडपासूनच्या मुलानं, जॉननं, राल्फ स्टॅफर्डला मारलं होतं. राजा रिचर्ड, तिचाच धाकटा मुलगा, सावत्र भावाला क्षमा करायला तयार नव्हता. तिनं विनवण्या केल्या आणि काही दिवसांत ती गेली. रिचर्डनं जॉनला पुढे माफ केलं.

मृत्युपत्रात राजाला, आपल्या लाडक्या मुलाला, ती नवा तांबड्या मखमलीचा पलंग देते, रुपेरी शहामृगाची पिसं आणि सोनेरी बिबट्यांची मुंडकी भरलेला. ती पिसं युवराजाचं चिन्ह. हॉलंडच्या दोन मुलांनाही पलंग आहेत.

मग ती आपल्या कबरीबद्दल लिहिते. युवराज 1376 मध्ये वारला आणि कॅंटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये पुरला गेला. तिथलं ते भुयारी चॅपल त्यानं त्यांच्या लग्नानंतर उभारलेलं. राजमातेची जागा तिथे असावी असं कुणालाही वाटेल. जोन सांगते, मला लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्डला, फ्रान्सिस्कन साधूंच्या मठात, हॉलंडच्या कबरीशेजारी ठेवा.